एक कांदा, एक आकडा: जीवशास्त्राच्या प्रकल्पासाठी प्रयोग, मोजमाप आणि सोपं संख्याशास्त्र

बी.एस्सी.च्या प्रकल्पात संख्याशास्त्राची आठवण बहुतेक वेळा शेवटच्या आठवड्यात होते. आकडे वहीत उतरलेले असतात, फाइल जमा करायची तारीख जवळ आलेली असते आणि मग प्रश्न पडतो, ‘याला कोणती चाचणी लावायची?’ तेव्हा फार काही हातात उरलेलं नसतं. कोणता आकडा कशाशी ताडून पाहता येईल, हे प्रयोग मांडला त्याच दिवशी ठरून गेलेलं असतं. म्हणून या लेखात प्रश्न, मांडणी, मोजमाप आणि आकडेमोड एकाच प्रयोगातून दाखवली आहे. सगळ्यात जास्त जागा दिली आहे ती ‘आपला एक नमुना म्हणजे नेमकं काय’ या प्रश्नाला, कारण पदवीच्या प्रकल्पांत सर्वांत जास्त चूक तिथंच होते.

प्रयोग कांद्याचा आहे. नाशिक जिल्ह्यात कांदा स्वस्तात आणि हवा तितका मिळतो, त्याची मुळं चार दिवसांत मोजण्याजोगी होतात आणि पाण्यात विषारी काही असेल तर ती वाढ चटकन मंदावते. स्वीडनमध्ये लेव्हान यांनी १९३८ मध्ये कांद्याच्या मुळांवर कोल्चिसिन या पेशीविभाजन अडवणाऱ्या द्रव्याचा परिणाम तपासला. १९८५ मध्ये फिस्केशो यांनी याच पद्धतीला पाणी तपासण्याच्या प्रमाणित चाचणीचं रूप दिलं. आजही ती जगभर वापरली जाते आणि तिला महागडं यंत्र लागत नाही.

प्रश्न

‘गोदावरीच्या प्रदूषणाचा वनस्पतींवरील परिणाम’ हे फाइलच्या पहिल्या पानावर शोभतं, पण त्याचं उत्तर देता येत नाही. कुठली गोदावरी, कुठल्या महिन्यातली, कुठली वनस्पती आणि परिणाम कशात मोजायचा? प्रश्न इतका बारीक करा की त्याचं उत्तर मिलिमीटरमध्ये देता येईल: ‘तपोवनाजवळून घेतलेल्या पाण्यात चार दिवस ठेवलेल्या कांद्यांची मुळं सोमेश्वरच्या पाण्यातल्या कांद्यांपेक्षा कमी लांब होतात का?’ सोमेश्वर शहराच्या वरच्या अंगाला आहे, तपोवन रामकुंडाच्या खाली. या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ असंही येऊ शकतं आणि तसं आलं तरी प्रयोग यशस्वीच म्हणायचा. ज्या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ येऊच शकत नाही, त्यासाठी कांदे भिजवण्यात अर्थ नाही.

‘दोन्ही पाण्यांत वाढ सारखीच’ हे गृहीत धरून सुरुवात करायची. याला शून्य परिकल्पना म्हणतात. आकडे या गृहीतकाशी कितपत जुळतात, एवढंच चाचणी सांगते.

कांदे भिजवण्याआधी चार गोष्टी वहीत तारखेसह लिहा: काय मोजणार, किती कांद्यांवर, कोणत्या दिवशी थांबणार आणि कोणता कांदा बाद धरणार. आकडे पाहून हे नियम ठरवले, तर ते नकळत आपल्याला हवं त्या बाजूला झुकतात.

आकड्यांचा प्रकार

पूर आला की नाशिककर गोदाघाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीकडे बघतात: पाणी गुडघ्याला, कमरेला की छातीला. या मापाला क्रम आहे. छाती कमरेच्या वर, यात शंका नाही. पण ‘छाती वजा कंबर’ किंवा ‘दोन पुरांची सरासरी’ काढता येत नाही. गंगापूर धरणातून सोडलेलं पाणी क्युसेकमध्ये सांगतात. त्याची वजाबाकी होते, सरासरी निघते आणि ‘दुप्पट’ या शब्दाला अर्थ राहतो. पानावरचा भुरी रोग ० ते ५ असे गुण देऊन नोंदवला, तर तो पहिल्या प्रकारचा आकडा. तिथं मध्यक वापरा. मुळांची लांबी दुसऱ्या प्रकारची, तिथं सरासरी चालते. ‘बी रुजलं, नाही रुजलं’ हा तिसरा प्रकार, त्यात फक्त मोजणी होते. हा प्रकार ओळखला की चाचणीची निवड जवळपास झालीच.

कांदे निवडताना

गोलटी कांदा घ्या, दीड ते दोन सेंटिमीटर व्यासाचा. सगळे एकाच शेतकऱ्याच्या एकाच ढिगातले हवेत. जोड कांदा, डेंगळे आलेला, कोंब फुटलेला किंवा बुडाशी मऊ पडलेला नको. उन्हाळ कांदा काढल्यानंतर काही आठवडे सुप्तावस्थेत असतो आणि पाण्यात ठेवला तरी मुळं सोडायला वेळ लावतो. चाळीत दोनेक महिने राहिलेला माल जास्त बरा. विकिरण केलेला कांदा चुकूनही घेऊ नका. लासलगावला भाभा अणुसंशोधन केंद्राचं कृषक हे विकिरण केंद्र आहे. तिथं गॅमा किरणांनी कांद्याची कोंब फुटण्याची क्षमता थांबवतात. किरणांचा मारा वाढत्या टोकांतल्या पेशीविभाजनावर होतो आणि आपल्याला नेमकं तेच विभाजन मोजायचं आहे. ओळखीच्या शेतकऱ्याच्या चाळीतून थेट कांदा आणला की ही शंका उरत नाही.

वरची सुटी साल काढा. बुडाची वाळलेली तपकिरी मुळं आणि खपली धारदार पात्यानं हलकेच खरवडा. तिथल्या फिकट कड्यातून नवी मुळं येतात, ते कडं कापलं तर तो कांदा वाया गेला. दोन्ही गटांचे कांदे एकाच माणसानं एकाच बैठकीत सोलावेत. दोघांनी एकेक गट सोलला, तर फरक पाण्याचा की हाताचा हे कधीच कळणार नाही.

पाणी

दोन्ही ठिकाणचं पाणी एकाच दिवशी, जमेल तितक्या जवळच्या वेळेत घ्या. प्रवाहातून घ्या, काठाच्या साचलेल्या कोपऱ्यातून नाही. बाटली त्याच पाण्यानं तीनदा विसळा, तोंडापर्यंत भरा आणि ठिकाण, तारीख, वेळ, पाण्याचं तापमान बाटलीवरच लिहा. धरणातून विसर्ग किंवा आवर्तन चालू होतं का, याची नोंद हवी, कारण त्यानं नदीतलं पाणी पातळ होतं. हातमोजे घाला, नंतर साबणानं हात धुवा. बाटल्या फ्रीजमध्ये ४ अंश सेल्सिअसला ठेवा आणि वापरण्याआधी खोलीच्या तापमानाला येऊ द्या.

आता नियंत्रण गट. इथं हमखास होणारी चूक म्हणजे ऊर्ध्वपातित पाणी किंवा आरओचं पाणी ‘शुद्ध’ म्हणून वापरणं. मुळाच्या टोकाला कॅल्शियम लागतं आणि या पाण्यात ते जवळजवळ नसतं. मुळं तिथं खुरटतात आणि नदीचं पाणी उगाच चांगलं ठरतं. नळाचं पाणी वापरायचं तर रुंद भांड्यात २४ तास उघडं ठेवा, म्हणजे बराचसा क्लोरीन उडून जातो. आपल्या प्रश्नात खरी तुलना सोमेश्वर आणि तपोवन यांची आहे. नळाच्या पाण्याचा तिसरा गट कांदे ठीक आहेत ना, हे पाहण्यासाठी. तिन्ही गटांत मुळं खुरटली, तर दोष कांद्यांत किंवा खोलीत आहे.

मांडणी

१. हवेत त्याच्या दीडपट कांदे घ्या. तीन गटांत आठ-आठ ठेवायचे असतील तर ३६.

२. सगळे कांदे आधी २४ तास उघड्या ठेवलेल्या नळाच्या पाण्यावर ठेवा. फक्त बूड पाण्याला टेकलं पाहिजे, दोन-तीन मिलिमीटर. कांदा बुडाला की कुजतो. ग्लासच्या तोंडावर भोक पाडलेला पुठ्ठा ठेवला की कांदा नीट बसतो.

३. दुसऱ्या दिवशी पाहा. ज्यांना मुळांचे अंकुर आले नाहीत, ते बाजूला काढा. ही छाटणी गट पाडण्याआधीच करायची, नंतर केली की ती निवड ठरते.

४. उरलेल्यांतून २४ कांदे घ्या. १ ते २४ क्रमांकांच्या चिठ्ठ्या टाका. पहिले आठ सोमेश्वर, पुढचे आठ तपोवन, शेवटचे आठ नळ. ‘डोळ्यांनी बघून समान वाटले’ तरी चिठ्ठ्याच टाका. हाताला मोठा कांदा आधी लागतो आणि पहिल्या भरलेल्या गटात मोठे कांदे जमतात.

५. प्रत्येक कांद्याला स्वतंत्र ग्लास. एका ट्रेमध्ये आठ कांदे एकत्र ठेवले तर ट्रे हाच एक नमुना होतो. कारण पुढं येतंच आहे.

६. ग्लासवर फक्त क्रमांक लिहा, गटाचं नाव नको. कोणता क्रमांक कुठल्या पाण्याचा, याचा कागद दुसऱ्या मित्राकडे ठेवा. मोजणाऱ्याला गट माहीत नसावा.

७. ग्लासांना काळा कागद गुंडाळा आणि गट मिसळून ठेवा. खिडकीकडच्या रांगेत सगळे तपोवनाचे, असं होता कामा नये. खोली २० ते २५ अंशांची असावी. रोज ठरावीक वेळी पाणी बदला आणि तापमान लिहा. नाशिकच्या मेमध्ये दुपारी खोली तापते, त्यामुळे हा प्रयोग पावसाळ्यानंतर किंवा हिवाळ्यात जास्त नीट होतो. डिसेंबर-जानेवारीत मात्र रात्रीचा पारा उतरतो आणि वाढ मंदावते. तेव्हा सहा दिवस ठेवा, पण सगळ्यांना सहाच.

मोजमाप

साध्या पट्टीचं लघुतम माप १ मिलिमीटर. तिच्यावर ३७.२५ मिमी असं वाचन नसतं. फार तर अर्ध्या मिलिमीटरचा अंदाज घेता येतो. व्हर्नियर कॅलिपरचं लघुतम माप ०.१ किंवा ०.०२ मिमी असतं, पण ओल्या, वाकणाऱ्या मुळाला त्या नेमकेपणाचा उपयोग नाही. जबडा दाबला की मूळच चेपतं. मुळाला पट्टी, द्राक्षाच्या मण्याला कॅलिपर.

पट्टीची कड झिजलेली असते, म्हणून शून्यापासून मोजू नका. १० सेंटिमीटरच्या रेघेपासून मोजा आणि १० वजा करा. डोळा रेघेच्या अगदी समोर हवा, तिरका पाहिलात तर वाचन सरकतं. कॅलिपर आधी मिटवून शून्य चूक तपासा. जबडे मिटल्यावर ०.०४ दिसत असेल तर प्रत्येक वाचनातून तेवढं वजा होईल.

दोन प्रकारच्या चुका वेगळ्या ओळखता आल्या पाहिजेत. पट्टी झिजलेली असेल तर प्रत्येक वाचन एकाच बाजूला चुकतं. अशी चूक हजार वाचनं घेऊनही जात नाही, साधन सुधारावं लागतं. हात हलल्यामुळे वाचन कधी जास्त, कधी कमी येतं. ही चूक अनेक वाचनांच्या सरासरीत विरते. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे यांनी पीककापणीच्या अंदाजांत अशी एकाच बाजूला झुकणारी चूक दाखवून दिली होती. कापणीचा तुकडा फार लहान घेतला की सीमेवरची रोपं आत धरण्याकडे कल होतो आणि उत्पन्न सतत जास्त निघतं. लहान तुकड्याला क्षेत्राच्या मानानं कड जास्त, म्हणून चूकही जास्त. अंजनेरीच्या पठारावर चौकट टाकून रोपं मोजणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं. चौकटीच्या दोन लगतच्या कडांवरची रोपं धरायची, उरलेल्या दोन कडांवरची सोडायची आणि हा नियम कधीही मोडायचा नाही. रक्तपेशी मोजण्याच्या काचेवरही हाच नियम लागतो.

मुळांकडे परत येऊ. एका कांद्याला वीस-तीस मुळं येतात. कोणती मोजायची हे आधीच ठरवा. सोपा नियम: प्रत्येक कांद्याची सर्वांत लांब पाच, टोक तुटलेलं असेल तर ते सोडून पुढचं. मूळ काळ्या कागदावर थेंबभर पाणी टाकून सरळ करा, ओढू नका. फारच वळलेली मुळं असतील तर शेजारी पट्टी ठेवून वरून सरळ फोटो घ्या आणि इमेजजे या मोफत सॉफ्टवेअरमध्ये मुळाच्या वळणांवरून तुकड्यातुकड्यांची रेषा काढून लांबी मोजा. पट्टी मुळांच्याच पातळीवर हवी. टेबलावर पट्टी आणि ग्लासवर मूळ असा फोटो असेल तर प्रमाण चुकतं.

सुरुवातीला दोघांनी तीच दहा मुळं एकमेकांचे आकडे न बघता मोजा. दोघांच्या वाचनांत नेहमी दीड-दोन मिलिमीटरचा फरक येत असेल, तर एक जण मूळ कुठून सुरू होतं ते वेगळं धरतो आहे. ते ठरवून घ्या, मग खरी मोजणी सुरू करा.

वहीत पेनानं लिहा. चुकलेल्या आकड्यावर एकच रेघ मारा, शेजारी बरोबर आकडा आणि कारण. मोबाइलवर थेट टाइप केलेल्या आकड्यांत ३७ चं ७३ झालं, तर ते पकडायला काही उरत नाही.

एक कांदा म्हणजे एक नमुना

आठ कांदे, प्रत्येकी पाच मुळं. एका गटात ४० आकडे झाले. बहुतेक प्रकल्पांत इथं ‘नमुना संख्या ४०’ असं लिहिलेलं असतं. ते चूक आहे. नमुना संख्या ८ आहे.

पाण्याचा उपचार कांद्याला झाला, मुळाला वेगळा नाही. एकाच कांद्याची मुळं एकाच साठ्यावर पोसतात, एकाच ग्लासात असतात. कांदा जोमदार असेल तर पाचही लांब, अशक्त असेल तर पाचही आखूड. पाचवं मूळ मोजून मिळणारी नवी माहिती फारच थोडी. टोकाचं उदाहरण घ्या: प्रत्येक गटात एकच कांदा, त्याची चाळीस मुळं. चाचणी ‘फरक नक्कीच आहे’ असं सांगेल, कारण कोणतेही दोन कांदे तंतोतंत सारखे नसतात. तुम्ही दोन पाण्यांची नव्हे, दोन कांद्यांची तुलना केलेली असते. हर्लबर्ट यांनी १९८४ मध्ये पर्यावरणशास्त्रातल्या शोधनिबंधांत ही चूक किती सर्रास होते ते दाखवलं, आणि तेव्हापासून आभासी पुनरावृत्ती हा तिच्यासाठी रूढ शब्द झाला.

म्हणून पाच मुळांची सरासरी काढा. तो त्या कांद्याचा एक आकडा. पुढची सगळी आकडेमोड या आठ-आठ आकड्यांवर. पाच मुळं मोजल्यानं तो एक आकडा अधिक भरवशाचा होतो, त्यामुळे मेहनत फुकट जात नाही.

हीच पायरी एकेक वर चढवत जा. आठही ग्लासांत पाणी एकाच बाटलीचं आहे. तर मग उत्तर त्या बाटलीबद्दल मिळालं, तपोवनाच्या नदीबद्दल नाही. नदीबद्दल बोलायचं असेल तर वेगवेगळ्या दिवशी पाणी आणावं लागेल आणि तिथं नमुना म्हणजे दिवस. प्रत्येक दिवशी सोमेश्वर आणि तपोवन अशी जोडी, दोघांतला फरक हा एक आकडा, आणि त्या फरकांवर जोडीची टी-चाचणी. टी म्हणजे दिसलेला फरक त्याच्या अनिश्चिततेच्या किती पट आहे ते, त्याची आकडेमोड पुढं येते. तीनच दिवस घेतले तर ५ टक्के पातळीला टीची किंमत ४.३०३ च्या पुढं जावी लागते, सहा दिवस घेतले तर २.५७१ पुरते. वेळ कमी असेल तर कांदे कमी करा आणि दिवस वाढवा. आणि एकच बाटली आणणं शक्य असेल, तर निष्कर्षात ‘अमुक तारखेला घेतलेल्या पाण्यात’ असंच लिहा. त्यात कमीपणा नाही, ते खरं आहे.

द्राक्षावर प्रकल्प करणाऱ्यांचीही हीच अडचण असते. निफाड-दिंडोरीकडे घरची बाग असली की मणी हवे तितके मिळतात. पण एका घडातले शंभर मणी म्हणजे शंभर नमुने नव्हेत. खांद्याकडचे आणि टोकाकडचे मणी सारखे गोड नसतात, म्हणून प्रत्येक घडातून वर, मध्ये आणि खाली असे ठरवून मणी घ्या, रस एकत्र करा आणि रिफ्रॅक्टोमीटरवर ब्रिक्सचं, म्हणजे रसातल्या गोडीचं, एक वाचन लिहा. फवारणी वेलीवर झाली असेल तर नमुना वेल, संपूर्ण ओळीवर झाली असेल तर ओळ. रिफ्रॅक्टोमीटरला ऊर्ध्वपातित पाण्यानं शून्य करा आणि तापमानाची आपोआप दुरुस्ती होते का ते पाहा. साधी रिफ्रॅक्टोमीटरं २० अंशांसाठी आखलेली असतात.

आकडेमोड

खालचे आकडे पद्धत समजण्यासाठी घेतलेले आहेत, नदीच्या खऱ्या पाण्याचे नाहीत. प्रत्येक आकडा म्हणजे एका कांद्याची सरासरी, मिलिमीटरमध्ये.

पहिलं पाणी: ३४, ४१, ३८, २९, ४४, ३७, ४०, ३३
दुसरं पाणी: २८, ३५, ३१, २४, ३३, ३८, २६, ३३

आधी आलेख काढा. स्तंभ नको, प्रत्येक कांद्याचा ठिपका. आठच आकडे असताना स्तंभ त्यांना झाकून टाकतो. एखादा ठिपका फार दूर असेल तर वहीत परत जाऊन पाहा. लिहिण्यात चूक असेल तर दुरुस्त करा. कारण सापडलं नाही तर तो ठेवा. ‘विचित्र दिसतो’ हे बाद करण्याचं कारण नव्हे.

पहिल्या गटाची बेरीज २९६, सरासरी ३७.०. प्रत्येक आकड्यातून ३७ वजा करून वर्ग करा: ९, १६, १, ६४, ४९, ०, ९, १६. बेरीज १६४. तिला ७ नं भागा, ८ नं नाही. सरासरी याच आठ आकड्यांतून काढल्यामुळे सात विचलनं कळली की आठवं आपोआप ठरतं. उत्तर २३.४३, हे विचरण. याचं वर्गमूळ ४.८४ मिमी. हे प्रमाण विचलन: एक कांदा दुसऱ्यापेक्षा साधारण किती वेगळा असतो ते. दुसऱ्या गटाची सरासरी ३१.०, वर्गांची बेरीज १५६, विचरण २२.२९, प्रमाण विचलन ४.७२.

एक्सेलमध्ये प्रमाण विचलनाची दोन सूत्रं दिसतात, शेवटी एस असलेलं आणि पी असलेलं. आपल्याला एस हवं, तेच एकानं कमी करून भागतं.

प्रमाण त्रुटी म्हणजे प्रमाण विचलन भागिले नमुना संख्येचं वर्गमूळ. पहिल्या गटासाठी ४.८४ भागिले २.८३, म्हणजे १.७१. ही कांद्यांमधली विविधता नाही, आपल्या सरासरीत असलेली अनिश्चितता आहे. कांदे वाढवले की प्रमाण त्रुटी घटते, प्रमाण विचलन मात्र साधारण तेवढंच राहतं. आता ८ च्या जागी ४० टाकून पाहा, भाजक २.८३ ऐवजी ६.३२ होतो. त्रुटी निम्म्याहून खाली येते, प्रत्यक्षात एकही कांदा न वाढवता. मागच्या भागातली चूक आकड्यांत दिसते ती अशी. आलेखावर दांड्या काढल्या तर त्या विचलनाच्या आहेत की त्रुटीच्या, हे खाली लिहायलाच हवं.

सरासऱ्यांमधला फरक ६.० मिमी. या फरकाची प्रमाण त्रुटी: २३.४३ भागिले ८ अधिक २२.२९ भागिले ८, म्हणजे ५.७१. वर्गमूळ २.३९. टी = ६.० भागिले २.३९ = २.५१. मुक्तांश, म्हणजे स्वतंत्रपणे बदलू शकणारी विचलनं, ८ + ८ − २ = १४. तक्त्यात ५ टक्क्यांसाठी, दोन्ही बाजू धरून, २.१४५. आपला टी त्याहून मोठा आहे, म्हणून शून्य परिकल्पना नाकारायची. ही चाचणी १९०८ मध्ये विल्यम गॉसेट यांनी ‘स्टुडंट’ या टोपणनावानं छापली. ते डब्लिनच्या गिनेस मद्यकारखान्यात काम करत आणि त्यांच्यापुढेही थोड्या नमुन्यांचाच प्रश्न होता. आठ कांद्यांना ती चालते यात नवल नाही. एक्सेलच्या टी-चाचणीत प्रकार विचारला जातो. स्वतंत्र गटांसाठी प्रकार ३ घ्या, त्यात दोन्ही गटांचं विचरण समान असण्याची अट नाही.

टीबरोबर ९५ टक्के विश्वास मध्यांतर जरूर द्या: ६.० अधिक-वजा २.१४५ गुणिले २.३९, म्हणजे ०.९ ते ११.१ मिमी. पी-मूल्यापेक्षा यातून जास्त कळतं. फरक आहे, पण तो एक मिलिमीटरचाही असू शकतो आणि अकराचाही.

पी-मूल्याबद्दल तोंडी परीक्षेत हमखास चुकीचं उत्तर येतं. पी ०.०२५ म्हणजे ‘शून्य परिकल्पना बरोबर असण्याची शक्यता अडीच टक्के’ असं नाही. खरोखर काहीच फरक नसता, तरी एवढा किंवा याहून मोठा फरक केवळ योगायोगानं दिसण्याची शक्यता अडीच टक्के, असा त्याचा अर्थ. आणि पी ०.०५ च्या वर आलं तर ‘पाणी निर्धोक आहे’ असं लिहू नका. ‘या प्रयोगात फरक दिसून आला नाही’ एवढंच लिहा.

गट तीन असतील तर दोन-दोनच्या तीन टी-चाचण्या लावत बसू नका. प्रत्येक चाचणीत चुकून फरक दिसण्याची ५ टक्के शक्यता असते आणि ती साचत जाते. सोमेश्वर-तपोवन ही एकच तुलना आधी वहीत लिहिली असेल तर एक टी-चाचणी पुरते. तिन्ही तोलायचे असतील तर सगळ्या गटांची एकदम तुलना करणारं विचरण विश्लेषण (अनोव्हा) लावा.

मोजणीचे आकडे

लांबीऐवजी ‘रुजलं, नाही रुजलं’ मोजत असाल तर काय-वर्ग चाचणी. समजा १०४ कप्प्यांच्या प्रोट्रेत १०० कप्प्यांत कांद्याचं एकेक बी टाकलं, चिठ्ठ्या टाकून ५० कप्प्यांना एक पाणी, ५० ना दुसरं. बाराव्या दिवशी ४४ आणि ३५ रुजली. एकूण ७९ म्हणजे फरक नसता तर प्रत्येकी ३९.५ रुजायला हवी होती आणि १०.५ न रुजलेली. प्रत्येक घरात फरक ४.५. त्याचा वर्ग भागिले अपेक्षित संख्या, चारही घरांची बेरीज ४.८८. एका मुक्तांशाला मर्यादा ३.८४. येट्सची दुरुस्ती लावली, म्हणजे प्रत्येक फरकातून अर्धा वजा केला, तर ३.८६, म्हणजे जेमतेम वर. अशा काठावरच्या निकालावर मोठं विधान उभं करू नका, प्रयोग पुन्हा करा. या चाचणीत टक्केवारी कधीही टाकायची नाही, प्रत्यक्ष संख्याच टाकायची. कोणत्याही घरात अपेक्षित संख्या ५ पेक्षा कमी असेल तर फिशरची अचूक चाचणी घ्या. बी जुनं नको. कांद्याच्या बियाण्याची उगवणक्षमता लवकर उतरते.

मुळाच्या टोकाची स्लाइड करून विभाजन होणाऱ्या पेशी मोजणाऱ्यांनी काय-वर्गाचा मोह टाळावा. एका स्लाइडवर हजार पेशी मोजल्या तरी त्या एकाच कांद्याच्या. प्रत्येक कांद्याचा विभाजन निर्देशांक, म्हणजे मोजलेल्या पेशींत विभाजन होत असलेल्यांचं प्रमाण, हा एक आकडा, आणि मग तीच टी-चाचणी. सगळी टोकं एकाच वेळी तोडून स्थिरीकरणात टाका, कारण विभाजनाचा वेग दिवसभर एकसारखा नसतो.

पुढच्या वेळी किती कांदे?

छोटी चाचपणी करून प्रमाण विचलन हाती आलं की हे काढता येतं. प्रत्येक गटाला लागणारे नमुने साधारण १६ गुणिले विचरण भागिले पकडायच्या फरकाचा वर्ग. यातून खरा फरक असल्यास तो सापडण्याची शक्यता सुमारे ८० टक्के राहते. आपलं विचरण २३ धरू. ६ मिमीचा फरक पकडायचा तर १६ × २३ ÷ ३६, म्हणजे १०.२, म्हणून ११ कांदे. ३ मिमीचा फरक पकडायचा तर ९ नं भागायचं आणि ४१ कांदे. फरक निम्मा झाला की कांदे चौपट लागतात. एवढे ग्लास मांडायला प्रयोगशाळेत जागा नसेल तर विचरण कमी करा: कांदे आणखी सारख्या वजनाचे घ्या, खोलीचं तापमान स्थिर ठेवा, सोलणारा हात एकच ठेवा. विचरण २३ वरून १२ वर आलं, तर त्याच ३ मिमीसाठी २२ कांदे पुरतात.